नवमीच्या आधी परत

"नवमीच्या आधी परत ना रे?" गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवून मामंजींनी विचारलं.

"होय बाबा," हे म्हणाले, आणि लगेच वाकून टायर बघायला लागले.

टायर चांगले होते. नवमीच्या आधी परत यायचं नव्हतं, नेमकं तेवढ्यासाठीच आम्ही निघालो होतो. रामनवमी होऊन जाईपर्यंत मामंजींना पेडण्यात ठेवायचं नाही, असं ह्यांनी ठरवलं होतं. मला ते पटलं नव्हतं. पण पटलं नाही म्हणून दुसरं काय करायचं हेही मला सुचत नव्हतं, म्हणून मी चहापत्तीचा डबा गाडीत चढवला.

माझे सासरे म्हणजे सगुणबुवा. आमच्या वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, देवळात रामजन्माचं कीर्तन वर्षानुवर्षं तेच करत आले. मी सावंतवाडीकडची, लग्न होऊन इथे आले तेव्हाची पहिली आठवण त्यांच्या कीर्तनाचीच. रामजन्म म्हणजे वेळेचं काम. सूर्य माथ्यावर यायला आणि कौसल्येच्या पोटी प्रभू यायला एकच गाठ पडली पाहिजे. मामंजी घड्याळ बघत नसत. सभामंडपाच्या दारातून आत येणारं ऊन उंबरठ्याकडे सरकत जाई, आणि ते उंबऱ्याला लागलं की मामंजी आख्यान आवरत पाळण्यापाशी येत. अंगावर काटा यायचा.

गेल्या वर्षी राम जन्मेना.

यज्ञ झाला, पायसाची वाटी राण्यांच्या हाती आली, आणि मामंजी पुन्हा यज्ञाकडे वळले. आम्हाला वाटलं, रंगले आहेत. पुन्हा पायस आलं. पुन्हा यज्ञ. पाळण्याची दोरी धरून बायका उभ्या, त्यांचे हात अवघडले. ऊन उंबऱ्यावरून बाहेर निघून गेलं. मागच्या पोरांत कुणीतरी म्हणालं, "दशरथाचो आचारी दमलो रे," आणि हसू फुटलं. शेवटी देवस्थानचे गोकुळदास स्वतः उठले, मोठ्याने जयजयकार केला आणि दोरी ओढली. मामंजी चिपळ्या हातात धरून बघत राहिले, कुणीतरी मध्येच दिवा मालवल्यासारखे.

त्यानंतर बारीकसारीक विसरणं वाढत गेलं. चहा प्याले तरी पुन्हा मागायचे. शिमग्यानंतर गोकुळदासांनी ह्यांना देवळाच्या पायरीवर गाठलं. "कृष्णनाथा, यंदा आम्ही बांद्याच्या विमलाताईंक सांगलां. बुवांक तूंच सांग रे. माझ्या तोंडान येवचां ना."

ह्यांच्याही तोंडाने आलं नाही. त्यांनी गाडी काढली.

गाडी म्हणजे जुनी मेटॅडोर. हे डिचोलीच्या खाणीवर ट्रक दुरुस्त करायचे. एकदा हरमलला कुणा गोऱ्याची बंद पडलेली गाडी नीट करायला गेले, तर आत बिछाना, चूल, पाण्याची टाकी, सगळा संसार. तेव्हापासून वेड लागलं. ह्यांनी आपल्या मेटॅडोरला दोन जनेलं, म्हणजे खिडक्या, पाडली, फळ्यांचे पलंग ठोकले, मी जुन्या लुगड्यांचे पडदे शिवले. वाड्यावरची यशोदामावशी पडदा वर करून बघून गेली. "घर सोडून घरातच बसान जातल्यात? बरां आसा गो!"

आमची देवकी तेव्हा चौथीत होती. मामंजी चढले, देवकी चढली. ह्यांनी मामंजींची पगडी मुद्दाम घरच्या पेटीत ठेवली. मी मात्र त्यांचं उपरणं, चिपळ्या आणि झांजांचा जोड गुपचूप माझ्या पिशवीत घातला. हे सामान घरी एकटं राहावं हे मला बघवेना.

पंचमीला निघालो. म्हापसा, पणजी, झुआरीचा नवा पूल, मडगाव, करमलचा घाट. काणकोणात उतरल्यावर आगोंदच्या किनाऱ्यावर हे गाडी घेऊन गेले. केरीचा समुद्र आम्ही जन्मभर बघितलेला, पण हा वेगळा होता. लांबच्या लांब वाळू, माणूस नाही, दोन्ही टोकांना काळे खडक, आणि लाट नुसती येत नव्हती, आपटत होती. रात्रंदिवस कुणीतरी दार ठोठावतंय असं वाटायचं. देवकीला आनंद झाला. मला गाडीत पडून झोप येईना. ह्यांनाही येत नव्हती. ते उठून इंजिन पुसत बसायचे.

मामंजींचं एकच. सकाळी वाळूत फेऱ्या घालायचे आणि विचारायचे, "आज तिथी कोणती?"

ह्यांनी देवकीला पढवून ठेवलं होतं. ती म्हणायची, "ठाऊक नाही आजोबा." लगेच तिचे कान लाल व्हायचे.

"शाळेत शिकवतात तरी काय तुम्हाला?" मामंजी म्हणायचे. आणि संध्याकाळी मान वर करून, "ही षष्ठी." दुसऱ्या दिवशी, "सप्तमी." चहा विसरणारा माणूस चंद्र विसरत नव्हता.

त्या सप्तमीच्या दुपारी त्यांनी देवकीला झांज धरायला शिकवली. माझ्या पिशवीतून त्यांनी ती कशी हुडकली, देव जाणे.

"मी काय करायचं?" देवकी म्हणाली.

"तू झीलकरी. माझ्या मागे उभी राहा. मी ओळ टाकली की ती उचलायची आणि मला परत द्यायची."

"आणि पुढची ओळ?"

"पुढचं तू आठवायचं नाही गो. पुढचं बुवांनी आठवायचं. झीलकरी म्हणजे सुखाचा जीव. मी माझ्या गुरूंच्या मागे कितीक वर्षं तसा उभा राहिलो. नंतर लोकांनी पुढे ढकललं."

त्यांनी ओळ टाकली, "आज अयोध्येच्या दारी उजेड आला गे." देवकीने ती लाटांवरून ओरडून परत दिली. चार वेळा झालं. पाचव्या वेळी मामंजी थांबले. ओठ हलले, ओळ आली नाही. देवकीने त्यांच्याकडे बघितलं, मग मीच भांडी आदळत हाक मारली, "चला, पेज निवते!"

अष्टमीच्या संध्याकाळी चंद्र अर्धा होऊन माथ्यावर आला. मामंजी गाडीपाशी आले. "कृष्णा, उद्या नवमी. गाडी वळव."

"बाबा, घाट आहे, अंधार पडेल. बघू सकाळी."

"बघू काय? मंडळी बसायची. पाळणा सजायचा. रामाला बघू सांगतोस?"

हे बोनेट उघडून आत डोकं घालून उभे राहिले. मला ते बघवलं नाही. मी मामंजींसमोर वाळूत बसले. कीर्तनात बुवा सांगतात ना, खरं बोलणाऱ्याच्या बाजूने देव उभा राहतो. त्या वेळी मला माझ्या बाजूला कुणी दिसत नव्हतं, तरी बोलले.

"मामंजी, यंदा देवळात विमलाताई उभ्या राहणार. बांद्याच्या. गोकुळदासांनी ठरवलंय."

लाट आली, गेली. ते माझ्याकडे बघत होते.

"गळा कसा आहे?"

"चांगला म्हणतात."

"झीलकरी कोण?"

"ते ठाऊक नाही."

"हं," म्हणाले, आणि पंचा धुवून दोन माडांच्या मधल्या दोरीवर वाळत घालायला गेले. हे बोनेटमधूनच म्हणाले, "सांगितलंस ना? आता झोपतील का ते?"

पण ते झोपले. आम्हीच जागे राहिलो.

पहाटे मला जाग आली तर त्यांचा पलंग रिकामा. बाहेर फटफटत होतं. वाळू संपून रस्ता लागतो तिथे मामंजी चालत होते. धोतर, अंगरखा, डोक्याला उपरणं गुंडाळलेलं, हातात चिपळ्या. पेडण्याला पायी निघाले होते.

हे धावत गेले. "बाबा! खंय चललात?"

"कीर्तनाला. तू येतोस तर ये. मंडळी खोळंबली असतील."

हे माझ्याकडे वळले. मला सगळं कळलं. काल सांगितलेलं पुसून गेलं होतं. आता त्यांना धरून ठेवायचं तर हात बांधावे लागले असते. आणि न्यायचं तर भरल्या मंडपात ते जाऊन दुसऱ्याच्या जागेवर उभे राहणार, पुन्हा राम जन्मणार नाही, आणि यंदा तर कुणी त्यांना हाताला धरून खाली बसवणार.

गाडी निघाली. घाटात हे इतकी हळू चालवत होते की मागून आलेला काथ्याचा ट्रक भोंगे वाजवत पुढे गेला.

"कृष्णा, बैल जुंपलेत काय?" मामंजी म्हणाले. ते जनेलातून झाडांच्या सावल्या बघत होते. सावल्या आखडत होत्या.

वेर्ण्याच्या माळावर ह्यांनी गाडी बाजूला घेतली. "टायर बसलाय वाटतं." खाली उतरले आणि उन्हात टायरला टेकून उभे राहिले.

देवकी खाली वाकून बघून आली आणि सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाली, "टायर तर भरलेला आहे पप्पा!"

मी उतरले. "चालवा आता."

"पोचल्यावर काय होणार, ठाऊक आहे तुला? परत हसतील. मला ते बघायचं नाही, वत्सला."

"नाही पोचलो तर काय होईल ते बघा." मी गाडीकडे बोट दाखवलं. मामंजी पायरीवर आले होते, एक पाय खाली, पुन्हा चालत निघायच्या तयारीत.

मग ह्यांनी गाडी मारली ती मारलीच. पणजी मला दिसलीच नाही. म्हापशाच्या पुढे भांडी पलंगावरून गडगडून खाली आली, कुणी उचलली नाहीत. देवकी झांज पोटाशी धरून बसली होती. मी मनात नाम घेत होते, पण काय मागावं ते कळत नव्हतं. वेळेत पोचू दे म्हणावं, की नको पोचू दे?

देवळासमोर गाडी थांबली तेव्हा ऊन सभामंडपाच्या आत, उंबऱ्याच्या हातभर अलीकडे होतं. विमलाताईंचा आवाज बाहेर ऐकू येत होता. खणखणीत, थोडा घाईतला. मामंजी उतरले. देवकीला काहीतरी म्हणाले, मला ऐकू आलं नाही. आणि आत शिरले.

बसलेली माणसं आपोआप बाजूला सरकली. कुजबूज झाली. गोकुळदास अर्धे उठले आणि आमच्याकडे बघितलं. हे मागून झपाट्याने निघाले, बापाचा दंड धरायला. मी ह्यांचा सदरा मागून पकडला. का पकडला ते मला आजही सांगता येणार नाही.

विमलाताईंनी बुवांना बघितलं. पोर तरणी, ओळीच्या मध्यावर होती. ओळ तिथेच राहिली. पेटीवाल्याचा हात थांबला. तिने दोन्ही हात जोडले आणि एक पाऊल बाजूला झाली. कीर्तनाची जागा मोकळी. पाळण्याच्या दोरीला धरलेल्या बायका, मागची पोरं, सगळे बुवांकडे बघत होते. ऊन उंबऱ्याला टेकायला आलं होतं.

मामंजी त्या जागेपर्यंत गेले. थांबले. जागेकडे बघितलं. मग त्या जागेला वळसा घालून मागे गेले, तबल्याच्या बाजूला, डाव्या अंगाला, आणि उभे राहिले. हातातली झांज वाजली. विमलाताईंनी अर्धी सोडलेली ओळ त्यांनी उचलली, पुरी केली, आणि थांबले. तिच्याकडे बघत, वाट बघत.

तिला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. ती जागेवर परत आली आणि पुढची ओळ टाकली. मामंजींनी ती परत दिली. पुन्हा टाकली, पुन्हा दिली. इतकी स्वच्छ झील मी कधी ऐकली नाही. त्यांना पुढचं काही आठवायचं नव्हतं. तिचा आवाज घाईतला होता तो सावरला. मागे कुणी आहे हे कळलं की गाणाऱ्याचा पाय जमिनीवर टेकतो, तसा टेकला. ऊन उंबऱ्याला लागलं, तिने पाळण्याचं पद घेतलं, बायकांनी दोरी ओढली, आणि राम जन्मला. गुलाल उडाला. मागच्या पोरांनी सगळ्यांत मोठ्याने जयजयकार केला. हे खांबाला धरून उभे होते, गुलाल तोंडावर, आणि पुसत नव्हते.

सुंठवडा घेऊन आम्ही बाहेर आलो. विमलाताई पाया पडल्या तेव्हा मामंजी म्हणाले, "पायसापाशी रेंगाळू नकोस हां. तिथे माणूस अडकतो." गोकुळदासांनी येऊन मामंजींचा हात दोन्ही हातांत धरला.

गाडीत चढताना माझं लक्ष मामंजींच्या जागेकडे गेलं. चिपळ्या तिथेच होत्या, नीट जोडून ठेवलेल्या. देवकी रिकामे हात दाखवत म्हणाली, "आजोबांनी माझी झांज मागून घेतली. म्हणाले, आज मला लागेल."

हे कितीतरी वेळ चिपळ्यांकडे बघत होते. मग मागे वळून विचारलं, "बाबा, काल वत्सलाने तुम्हाला सांगितलं ते... ध्यानात होतं तुमच्या?"

"काय सांगितलं?" मामंजी म्हणाले. सुंठवडा बोटाने चाटत होते.

"काही नाही."

"कृष्णा, माझा पंचा राहिला रे तिथे. दोरीवर. समुद्रावर."

ह्यांनी किल्ली फिरवली. "आणूया," म्हणाले, आणि गाडी पुन्हा दक्षिणेकडे वळवली.