कप्तानांचा गौरवपट

प्राचार्यांनी चहा मागवला तेव्हाच बाईंनी ओळखलं, की काहीतरी गळ्यात मारायचं आहे. एरवी फिल्मशाळेच्या त्या खोलीत शिक्षकांना कोणी पाणीसुद्धा विचारत नसे.

"कप्तानांचा सत्कार करतोय आपण," प्राचार्य म्हणाले. "त्यांच्यावर एक छोटा गौरवपट हवा. संकलन तुमच्याइतकं नीट कोण करणार? शिवाय त्यांच्या पहिल्या सिनेमावर तुम्ही होतात ना, मदतनीस म्हणून?"

बाईंनी कप बशीत ठेवला. "होते," त्या म्हणाल्या. "करते मी."

प्राचार्यांना इतक्या लवकर होकार अपेक्षित नव्हता. त्यांनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

बाईंचा नवरा दातांचा डॉक्टर. संध्याकाळी दवाखान्यातून आल्यावर त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मोजे काढता काढता विचारलं, "नुसतं भरणार आहेस की मुळापासून काढणार?"

"मुळापासून."

"मग आधी विचार कर. नंतर ठणकतं ते आपल्याला नाही, पण पेशंट आरडाओरडा करतो."

"करू दे," बाई म्हणाल्या आणि माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवायला शिडी मागितली.

त्या पेटीत त्याच पहिल्या सिनेमाची उरलीसुरली फिल्म आणि आवाजाची टेप होती. सेटवर उठसूट नाविकासारखी टोपी घालून हिंडणाऱ्या त्या तरुण दिग्दर्शकाला सगळे कप्तान म्हणत. त्याच्याकडे हुशारी होती, वट होती, पण चित्रण केलेल्या ढिगाऱ्यातून सिनेमा काढायचा कसा हे त्याला कळत नव्हतं. बाई तेव्हा नुकत्याच शिकून बाहेर पडल्या होत्या. अंधाऱ्या खोलीत बसून त्यांनी महिनोन्महिने तो सिनेमा कापला, जोडला, परत उसवला. शेवट काही केल्या जमेना. मग त्यांना टाकाऊ तुकड्यांत एक चेहरा सापडला. कप्तान 'कट' म्हणाले होते, कॅमेरा मात्र बंद करायचा राहून गेला होता. शॉट संपला असं समजून खिडकीत बसलेल्या नटीने अभिनय सोडून दिला होता आणि ती नुसती दमून बाहेर बघत होती. बाईंनी तो तुकडा सिनेमाच्या शेवटी लावला. लोक तो प्रसंग पाहून थिएटरमधून न बोलता बाहेर पडत.

पडद्यावर नाव आलं ते 'संकलन आणि दिग्दर्शन' असं, एकट्या कप्तानांचं. बाई कुठेतरी आभाराच्या यादीत, चहावाल्याच्या खाली. संकलनाचं बक्षीस मिळालं तेव्हा कप्तान टोपी काढून मंचावर गेले. बाई सगळ्यात मागच्या रांगेत होत्या. त्यांनी आधी आपल्या नावाबद्दल विचारलं होतं, गोडीने विचारलं होतं, मग भांडून विचारलं होतं. त्याचा परिणाम एवढाच झाला, की 'ती बाई कटकटी आहे, कामाला संथ आहे' हे सगळ्या निर्मात्यांच्या कानावर गेलं आणि काम मिळणं बंद झालं. मग उसन्या कॅमेऱ्यावर त्यांनी स्वतःचे छोटे सिनेमे केले, ते कॉलेजांच्या सभागृहांत नि वाचनालयांत दाखवले आणि पोटासाठी शिकवणं धरलं. मुलांना त्या आवडायच्या.

गौरवपटासाठी त्यांनी कप्तानांच्या सगळ्या मुलाखती मिळवल्या. ऐकत गेल्या आणि हळूहळू मजा वाटू लागली. खिडकीचा प्रसंग कसा सुचला, हे कप्तान हरखून सांगत होते. एका मुलाखतीत तो त्यांना स्वप्नात दिसला होता. दुसरीत मरणाच्या दारी असलेल्या आईच्या चेहऱ्यात. तिसरीत आगगाडीतून जाताना. चौथीत त्यांनी नटीला म्हणे दिवसभर उपाशी ठेवून तो भाव काढून घेतला होता.

बाईंनी एकही शब्द पदरचा घातला नाही. निवेदन नाही, टोमणा नाही, उदास संगीत नाही.

सत्काराच्या संध्याकाळी सभागृह भरलं होतं. कप्तान पहिल्या रांगेत, प्राचार्य त्यांच्या शेजारी. बाई मागच्या प्रक्षेपणाच्या खोलीत होत्या. मशीन मी स्वतः चालवणार, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

सुरुवातीला सगळं रीतसर होतं. बालपणीचे फोटो, टोपी, मानसन्मान. मग स्वप्न आलं. त्याला लागूनच आई. पहिल्यांदा कोणीतरी खुदकन हसलं. आगगाडीला हशा पिकला. उपाशी नटीपर्यंत मागच्या बाकांवरची मुलं पोट धरून हसत होती. आणि मग पडद्यावर तो मूळ तुकडा आला, आवाजासकट. आधी कप्तानांचं 'कट'. मग खिडकी, तो दमलेला चेहरा, बराच वेळ. सभागृह गप्प झालं. त्या शांततेत तरुण कप्तानांचा आवाज घुमला, "अरे, कॅमेरा कोणी चालू ठेवला? फुकटची फिल्म जाते. फेकून द्या ते."

दिवे लागले. कोणी टाळी वाजवेना.

पण कप्तान कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ते हसत हसत मंचावर चढले, माइक घेतला आणि मागच्या काचेकडे हात केला. "पाहिलंत? अशी माणसं माझ्यासोबत होती. या मुलीचं ऋण मी जन्मभर मानत आलो, जिथे जाईन तिथे हिचं नाव घेत आलो."

टाळ्या सुरू झाल्या. प्राचार्यांच्या जिवात जीव आला.

बाईंना हे माहीत होतं. ज्या माणसाचा शब्द न् शब्द त्यांनी कापला होता, तो कुठे वळणार हे त्यांना कळलं नसतं तरच नवल. त्यांनी दिवे घालवले आणि तयार ठेवलेला शेवटचा तुकडा लावला. मंचावर उभ्या असलेल्या कप्तानांच्या डोक्यावर दुसरे, भलेमोठे कप्तान उमटले. मुलाखत घेणारी विचारत होती, "पहिल्या सिनेमाच्या संकलनाला कोणाची मदत झाली?"

"होती एक पोरगी," पडद्यावरचे कप्तान म्हणाले. "फिल्म चिकटवायला. नाव काय बरं तिचं? नाही आठवत."

खाली उभ्या कप्तानांनी मान वर करून स्वतःलाच पाहिलं. हसलं कोणी नाही आता. माइक तसाच हातात घेऊन ते बाजूच्या पायऱ्या चाचपडत उतरले.

प्राचार्यांनी दुसऱ्या दिवशी चहा मागवला नाही. "संस्थेची अब्रू घालवलीत," ते म्हणाले आणि पुढच्या सत्रापासून बाईंचे वर्ग काढून घेतले. बाईंनी वाद घातला नाही. घरी येऊन त्या पोटभर जेवल्या आणि दुपारी गाढ झोपल्या. सूड घेतल्यावर पोकळी वाटते असं त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी वाट पाहिली. नाही वाटली.

बातमी पसरायची तेवढी पसरली. कप्तान कुठेही गेले की लोक आधी खिडकीचं विचारत. मग ते जाईनासे झाले. मग बोलावणीही येईनाशी झाली.

बऱ्याच दिवसांनी औषधाच्या दुकानात बाईंच्या पुढे एक वाकलेला म्हातारा उभा होता. टोपी नव्हती, म्हणून आधी ओळखू आला नाही.

"नावच हवं होतं तर मागायचंस," कप्तान वळून म्हणाले. "दिलं असतं."

"मागितलं होतं."

कप्तान गोळ्यांचं पाकीट उगाच उलटसुलट करत म्हणाले, "हल्ली मला कोणी बोलवत नाही."

दयेचा एखादा तरी थेंब आत कुठे आहे का, ते बाईंनी प्रामाणिकपणे शोधून पाहिलं.

"मलाही बोलवत नसत," त्या म्हणाल्या. "सवय होते." आणि त्यांच्या बाजूने पुढे होत दुकानदाराला म्हणाल्या, "गुडघ्याचं मलम द्या, मोठी ट्यूब."