झील धरणारा

सांगलीच्या एका कॉलेजातल्या ध्वनिसंग्रहात रेश्मा कामाला होती. दोन वर्षांमागं तिथला जुना कॉम्प्युटर बंद पडायला आला, तेव्हा धनगरी ओव्यांची सगळी रेकॉर्डिंगं तिनंच घाईघाईनं नव्या मशीनवर उतरवली. आवाज वाचला म्हणजे सगळं वाचलं, असं तिला तेव्हा वाटलं होतं. पण कोण गातंय, कुठल्या गावचं, कधीचं, ही माहिती वेगळ्या प्रोग्रॅममध्ये होती, आणि तो पुन्हा उघडलाच नाही. उरले नुसते आकडे टाकलेले आवाज. गावोगाव जाऊन ओळख पटवून घेऊ, असं ती म्हणत राहिली. ते राहूनच गेलं.

आणि एके दिवशी तानाजी आला. फौजेतून रिटायर झालेला, वडूजकडचा. "आमचा बा, धुळा, तुमच्याकडं गाऊन गेलाय म्हणं. आता त्यो न्हाई. ऐकाय मिळंल का, मॅडम?"

दुपारभर ती एकेक रेकॉर्डिंग ऐकवत राहिली. तानाजी कान देऊन बसला होता. शेवटी हळूच म्हणाला, "बाचं बोलणं वळखीन. गाणं कवा ऐकलंच न्हाई मी. मी फौजेत गेल्यावर त्यो जत्रंत गायला लागला, आन् मला जत्रंला सुट्टीच मिळायची न्हाई."

"त्यांच्या जोडीचं कुणी आहे का?"

"कोंडीबाकाका हुता. मागच्या दिवाळीत गेला."

रेश्माला वाटलं, त्याआधी एकदा तरी जायला हवं होतं.

रविवारी लॅपटॉप घेऊन ती तानाजीबरोबर त्याच्या गावी गेली. कोंडीबाची बायको बनाबाई दारात बसून ऐकू लागली. नवऱ्याचा आवाज आला तसा तिनं तोंडाला पदर लावला. "ह्यो आमचाच. आन् ह्यो जोतिबा. लिव." रेश्मा नावं भरत गेली.

एका ओवीत कोंडीबाच्या मागं कुणीतरी उंच आवाजात झील धरली, ओवीची शेवटची ओळ त्याच्यामागून ओढून घेतली. तानाजी पुढं सरकला. "काकू, ह्यो बा का?"

बनाबाईनं ते पुन्हा लावायला सांगितलं. आणखी एकदा ऐकलं.

"आसंल रं. पर झील धराय दोघंतिघं आसायची. आसंल म्हणून नाव लिवू नगंस, पोरी. दुसऱ्या कुणाचा बा निघाला तर?"

तानाजीनं मान हलवली. "नगा लिवू. पर एवढं माझ्या मोबाईलमधी द्या."

रेश्मानं ते दिलं. नावाच्या जागी लिहिलं, 'ओळख पटली नाही.' मग विचारलं, "त्या वेळचं आणखी कोण आहे, आजी?"

बनाबाईनं बराच वेळ आठवून पाहिलं. "मनुबाई हाय. पर तिला आता ऐकू येत न्हाई."