विबिदियाची साक्ष

भर दुपारी दाढी करता करता गुलाम न्हावी द्रोमोने पापियुसचा गळा चिरला. रक्त छताला लागलं. धाकटा भाऊ गायुस धावत आला आणि त्याने द्रोमोला तिथेच तुडवून मारलं. पण तेवढ्याने भागणार नव्हतं. धनी घरात मारला गेला, की त्या छपराखालचा जो गुलाम मदतीला धावला नाही, त्याला मरण. आणि त्याआधी हाल, कारण रोममध्ये गुलामाची साक्ष वेदनेशिवाय खरी धरत नाहीत.

न्यायाधीशासमोर पहिली पाळी म्हाताऱ्या दासी अम्मियाची. पापियुसची बायको विबिदिया या अम्मियाच्याच दुधावर वाढलेली. हाल करायच्या लाकडी घोड्यावर ताणताना म्हातारीचा खांदा कडकन निखळला.

"ओरडली का नाहीस?" न्यायाधीशाने विचारलं.

"द्रोमोने तोच वस्तरा माझ्या गळ्याला लावला होता, धनी. भ्याले."

"भ्याली म्हणे!" गायुस खेकसला. "मधे पडून मरायचं होतंस, थेरडे!"

कायदेपंडित नुमिसियुस उठला. "जीव वाचवायला निसर्गच शिकवतो, सगळ्यांना. तो गुन्हा कसा?"

"अहो दाढीवाले, अथेन्सला गुरूंकडे दाढी वाढवलीत, अक्कल तिथेच राहिली वाटतं!" गायुस म्हणाला, " ही माणसांची गोष्ट झाली. गुलाम म्हणजे घरातलं भांडं."

"मग भांड्याला 'ओरडलं का नाहीस' म्हणून कोण ताणतं?"

लोक हसले. न्यायाधीश हसला नाही. "माणसं सगळी सारखी, हे तुमच्या ग्रीक गुरूंचं मीही ऐकलंय. पण मालकिणीची नि दासीची भीती एकच, याला साक्ष कोणाची?"

विबिदियाने डोक्यावरून पदर घेतला. "माझी. मी पडद्याआड होते. सगळं पाहिलं. मीही ओरडले नाही, आणि माझ्या गळ्याला तर वस्तराही नव्हता."

"वहिनी, गप्प बसा! घराण्याची अब्रू..."

"चुलीतल्या देवांना रोज मीठ-पीठ वाहते, भावोजी. खोटं कसं बोलू?"

न्यायाधीशाने शिपायाला खूण केली. मग म्हणाला, "म्हातारीला सोडा."

विबिदिया धावली, अम्मियाचं डोकं मांडीवर घेतलं. म्हातारीच्या तोंडातून रक्त येत होतं, पण श्वास चालू होता.

"बाकीच्यांना वेशीबाहेर नेऊन मारा. त्यांच्या गळ्याला वस्तरा नव्हता," न्यायाधीश म्हणाला.

"माझ्याही नव्हता!" विबिदिया किंचाळली.

"तुम्ही गुलाम नाही, बाई."

नुमिसियुस खाली बसला. त्या बाकीच्यांतली स्वयंपाकीण फिदा येऊन विबिदियाच्या पायांना बिलगली. शिपायाने काठीने तिची बोटं एकेक मोडून तिला सोडवलं.