फुकटचा जनरेटर

रानाची राखण ही सावळीरामाची भाकरी, आणि यंदा तीच टांगणीला लागली होती. गेली दोन वर्षं नाशिकच्या कॉलेजातल्या पोरींचा झाडपाला अभ्यासायचा कॅम्प त्र्यंबकेश्वरापलीकडच्या रानात उतरला, की नेमका तेव्हाच साग तोडला जाई. साहेबांनी बजावलं होतं, "यंदा एक जरी झाड गेलं, तर घरी बसायचं." मग सावळीरामाचा कॅम्पवाल्यांवर डोळा का नसावा?

त्यात यंदा त्यांनी जनरेटरच आणला नाही! प्राध्यापक सुमनबाईंनी तंबूबाहेर एक काळी काचेची पाटी उन्हात ठेवली. तिची वायर बॅटरीला, बॅटरीची दिव्याला. "हा दिवा उन्हावर चालतो," त्या म्हणाल्या. सावळीरामानं मान डोलावली, पण मनात म्हणाला, 'आम्हाला काय येडं समजता? आवाज नको असतो तो चोराला!' दिवेलागणीला तो तंबूसमोर ठाण मांडून बसला. दिवा खरंच लागला. पोरी वहीत पानं दाबत बसल्या. रातकिडे तेवढे ओरडत होते. झाड काही पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सांजेला त्याचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे मालक खंडेराव, बैलगाडीत जनरेटर घालून हजर! "पाव्हण्यांना मिणमिणत्या उजेडात ठेवायचं व्हय? घ्या, डिझेलसकट फुकट."

फुकट? उष्ट्या हातानं कावळा न हाकणारा हा गडी! त्याची बायको, सावळीरामाची बायडाआक्का, बिचारी पाहुणा आला की साखर शेजारून आणायची. सुमनबाई नको नको म्हणत होत्या, तोवर दाजींनी हँडल मारलंसुद्धा. धडधड सुरू झाली आणि रान बहिरं झालं.

सावळीरामाच्या मनात पाल चुकचुकली. मागल्या दोन्ही साली कॅम्पाला भाड्यानं जनरेटर कोणी दिला होता? दाजींनीच की!

"दाजी, बंद करा ते!"

"ऐकू नाय येत!" दाजी हसत ओरडले.

सावळीराम उठला आणि त्यानंच इंजिनाचा खटका ओढला.

धडधड थांबली. खालच्या दरीतून आवाज आला, ठक... ठक... ठक. तोडणाऱ्यांना उमगायला जरा वेळ लागला, मग कुऱ्हाडीही गप झाल्या. सुमनबाई दरीकडे बघत राहिल्या. दाजींचं तोंड उतरलं होतं.

अरे देवा! दोन वर्षं आपण या पोरीबाळींना चोर समजलो, आणि चोर आपल्याच ताटात जेवत होता. सावळीरामाला स्वतःचीच लाज वाटली.

खंडेरावानं त्याचा दंड धरला. "सावळ्या, तुझ्या बहिणीचा संसार हाय रं. फॉरेस्ट नाक्यावरच्या गार्डांना कळलं तर बेड्या पडतील मला."

आक्कानं सावळीरामाला कडेवर घेऊन वाढवलं होतं. डोळे भरून आले, पण त्यानं दंड सोडवून घेतला.

"आक्काला मीच सांगतो, दाजी," तो म्हणाला आणि नाक्यावर ऐकू जाईल अशी शिट्टी फुंकली.