मेंढरं हटव

बेरार्दो उताराला ब्रेक लावत नसे आणि मी ब्रेकवरचा हात काढत नसे. आम्ही सख्खी भावंडं. तो एकसष्ट वर्षांचा, मी सत्तावन्न. तीस वर्षं दर रविवारी आम्ही रोक्कामोरा गावातून खिंडीपर्यंत सायकलने चढायचो. वर पोचलं की गार वारा लागू नये म्हणून जर्सीच्या आत छातीवर वर्तमानपत्र कोंबायचं. मग तो सुटायचा आणि मी मागून जीव मुठीत धरून उतरायची.

"लोरे, तू खाली येईपर्यंत माझी दुसरी कॉफी संपलेली असेल," त्या रविवारी खिंडीत तो म्हणाला.

"तिसरीही पी. पण हाडं शाबूत ठेवून पी."

हसत हसत तो वळणाआड गेला.

बीच वृक्षांच्या रानातून उतरताना मला नेहमीसारखी भीती वाटत होती: खडीची, ओल्या पानांची. तिसऱ्या वळणावर त्याची सायकल रस्त्यात आडवी दिसली. पुढचं टायर फाटून लोंबत होतं. तो कुठेच नव्हता.

कठड्यावरून खाली वाकले. पंधरा-वीस हात खाली, गवतावर मेंढरं पसरली होती आणि त्यांच्या मधोमध बेरार्दो पडला होता. मांडीखालचं गवत काळं दिसत होतं. ते काळं वाढत होतं.

मी कठड्यावर पाय टाकला आणि कळप राखणारे पांढरे कुत्रे उठले. चार होते. आमच्या रानात लांडगे आहेत, म्हणून या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे असतात आणि मनात दयामाया नसते. पळायचं नाही, डोळ्यांत बघायचं नाही, सायकल आडवी धरून उभं राहायचं, हे आम्ही पाळण्यात असल्यापासून शिकतो. मी सगळं केलं. एकाने कठड्यावर पुढचे पाय ठेवले. त्याचा श्वास माझ्या हाताला लागला.

"बेरार्दो!"

त्याने हात थोडा वर केला आणि क्षीण आवाजात मला हाका मारू लागला. फोनला रेंज नव्हती. या वळणावर कधीच नसते.

समोरच्या टेकाडावर मोठी छत्री घेतलेला मेंढपाळ दिसला. छाती फुटेपर्यंत ओरडले, "ए माचेदोने! मेंढरं हटव! हटव म्हणते ना!"

पंचवीस वर्षांपूर्वी आमच्याकडे पहिला परका मेंढपाळ आला तो मॅसिडोनियाचा. त्यानंतर आला तो प्रत्येक जण आमच्यासाठी माचेदोनेच. हा रुमानियाचा आहे, असं कुणीतरी म्हणालं होतं. त्याच्याशी आमचं बोलणं एवढंच. रस्त्यावर कळप आडवा आला की गाडीची काच खाली करायची आणि हेच ओरडायचं.

त्याने ऐकलं. हात वर केला, शीळ घातली आणि आमच्याकडे पाठ करून टेकाडापलीकडे चालू लागला. मेंढरं एकेक करत उठली. कुणाला घाई नव्हती. मेंढरांना कधीच नसते.

"हरामखोर! मेल्या, बघतोस काय, जातोस कुठे?" मी शिव्या घालत होते, रडत होते. कळप सरकत गेला, तसे तीन कुत्रे मागोमाग गेले. चौथा, सगळ्यात म्हातारा, बेरार्दोच्या अंगाला अंग लावून बसला. कळपातलं एखादं मेंढरू मागे राहिलंय असंच त्याला वाटलं असणार. मी दोनदा खाली उतरायला गेले आणि दोन्ही वेळा त्याने दात दाखवले. दुसऱ्यांदा माझ्या बुटाचा लचका तोडला. मी कठड्यावर परत चढले. स्वतःचा भाऊ खाली मरत होता आणि मी परत चढले.

बेरार्दो मला हाक मारायचा थांबला तेव्हा कुठे माझ्या तोंडातून ते निघालं, जे सगळ्यात आधी निघायला हवं होतं. "अहो! माणूस मरतोय! वाचवा!"

छत्री टाकून तो मेंढपाळ पळत आला. टेकाड उतरला, ओढा ओलांडला, गवतावरून घसरत आला. कुत्र्याला एकच शब्द बोलला, तोही हळू, आणि कुत्रा बाजूला झाला. त्याने कमरेचा पट्टा काढून मांडीला आवळला, त्यात काठी घालून पिळली आणि ती माझ्या हातात दिली.

"घट्ट धरा, बाई. सोडू नका."

"तू निघून का गेलास? मी एवढी ओरडत होते!"

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला खरंच कळत नव्हतं. "तुम्ही म्हणालात मेंढरं हटव. हटवली."

मग रेंज शोधत तो वर पळाला. मी काठी धरून बसले. बेरार्दोच्या छातीवरचं वर्तमानपत्र आधी करकरत होतं, मग करकरायचं थांबलं. तरी मी काठी सोडली नाही.

हेलिकॉप्टरमधून उतरलेल्या डॉक्टरने नकारार्थी मान हलवली आणि विचारलं, "पट्टा बांधायच्या आधी किती वेळ रक्त जात होतं?"

"दहा मिनिटं," मी म्हणाले.

"पंचवीस," मेंढपाळ म्हणाला.

"एवढा वेळ का?" डॉक्टरने विचारलं.

मेंढपाळ मान खाली घालून म्हणाला, "माझी मेंढरं मध्ये होती."

मी काय ओरडले होते, हे त्याने सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. तोंड उघडलं होतं, देवाशपथ उघडलं होतं.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की माचेदोनेची मेंढरं रस्त्यात आली आणि बेरार्दो गेला. फाटकं टायर मी पाहिलं होतं. ते मी घरामागे नेऊन ठेवलं.

अंत्यसंस्काराला तो मेंढपाळ धुतलेला सदरा घालून आला, टोपी हातात घेऊन. चर्चच्या पायरीवर बेरार्दोच्या मुलाने, सावेरिओने, त्याची गचांडी धरली. "निघ इथून! तुझ्या मेंढरांनी माझा बाप मारला!"

सावेरिओच्या खांद्यावरून त्याने माझ्याकडे पाहिलं, मी बोलेन म्हणून वाट पाहिली. त्या कुत्र्यांना मी जेवढी घाबरले नव्हते, तेवढी त्याच्या नजरेला घाबरले.

मी सावेरिओचा हात धरला आणि म्हणाले, "चल बाळा, आत चल."