फोटोपुरती पिपेट

मी मायक्रोपिपेट बोलतेय. एका आईची झोप उडवणारी जी काळजी होती ना, ती मीच. "मुलाखतीत पिपेट हातात दिली तर?" या एका प्रश्नावर ती रात्रभर कूस बदलत राहिली होती. वीतभर वस्तूला कुणी इतकं घाबरावं, याचं मला आधी हसू आलं. मग कारण कळलं आणि हसू जिरलं.

दिसायला मी जाडसर पेनासारखी. काम एकच. थेंबाहून लहान थेंब नेमका उचलायचा आणि नेमका सोडायचा. जैवतंत्रज्ञानाच्या प्रयोगशाळेत माझ्यावाचून पान हलत नाही. माझा दट्ट्या दाबला की अंगठ्याला दोन थांबे लागतात. द्रव ओढायचा तर पहिल्या थांब्यापर्यंतच दाबून अंगठा उचलायचा, त्याखाली गेलात तर जास्त भरतं. सोडताना मात्र त्याच्याही खाली, दुसऱ्या थांब्यापर्यंत, म्हणजे आत काही उरत नाही. अंगठ्याला हे एकदा कळलं की तो जन्मभर विसरत नाही. पण त्यासाठी अंगठा माझ्यावर पडायला हवा!

कारखान्यात मला वजनकाट्यावर पारखून घेतलं होतं. वाटलं, आता घासून गुळगुळीत होईपर्यंत काम. पोहोचले एका प्रशिक्षण संस्थेत, थेट काचेच्या कपाटात, दिव्याखाली. कपाटाला कुलूप आणि किल्ली संचालकांच्या खिशात.

ही आई तिथे आली तेव्हा तिच्या कडेवर मुलगी होती आणि डोक्यात हजार शंका. जैवतंत्रज्ञानाची पदवी हातात होती, पण कॉलेजात प्रयोग सरांनी करायचे आणि मुलींनी टाचा उंचावून बघायचे. मग लग्न, बाळंतपण. आता पुन्हा उभं राहायचं होतं. पदव्युत्तर शिक्षणासाठी दुसऱ्या गावी राहावं लागणार होतं. एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत शिकाऊ जागा होती, पण सुरुवात बाटल्या धुण्यापासून. सासूबाई म्हणाल्या होत्या, "बाटल्या तर तू घरीही धुतेसच की, निदान तिथे कुणी शाबास तरी म्हणेल." ती हसली होती, पण नाक मुरडून. आणि या संस्थेच्या पत्रकावर मोठ्या अक्षरांत होतं, 'प्रत्यक्ष हाताने प्रशिक्षण'. ती भुलली.

वर्गात पडद्यावर चित्रं यायची. चित्रात पिपेट असायची, मी कपाटात. कुणी विचारलंच तर संचालक मान डोलवायचे, "येईल, येईल, प्रत्येकाचा नंबर येईल."

नंबर आला तो फोटोचा. शेवटच्या आठवड्यात प्रत्येकीला पांढरा कोट घालून माझ्यासोबत उभं केलं. "अंगठा वर ठेवा, दाबू नका, फोटो हलतो." ही आई माझ्याकडे इतकं मन लावून बघत होती, की तिचाच फोटो मोठा करून भिंतीवर लागला. खाली लिहिलं, 'आमची यशस्वी विद्यार्थिनी'.

एका प्रयोगशाळेतल्या नोकरीच्या मुलाखतीनंतर ती लेकीचं बोट धरून थेट संस्थेत आली.

"सर, त्यांनी पाणी मोजून काट्यावर सोडायला सांगितलं. मी दट्ट्या पार खालपर्यंत दाबला, पाणी ओढलं, सोडलं. दरवेळी जास्तच भरलं. पुन्हा केलं, पुन्हा जास्त. माझं काय चुकलं?"

मी काचेआड तडफडत होते. अगं, पार खालपर्यंत नाही! पहिल्या थांब्यापर्यंत!

"टेन्शन आलं असेल," संचालक म्हणाले. त्यांना तरी कुठे ठाऊक होतं!

"ते म्हणाले, मॅडम, ही कधी हातात धरलीय का? आणि मी काय बोलले माहितीये? म्हटलं, हो, फोटो आहे माझा!" तिने भिंतीकडे हात केला. "तो फोटो काढा भिंतीवरून, सर."

"अहो, पण किती छान आलाय! तेवढ्यासाठी नाराज नका होऊ. असं करा, ही पिपेटच घेऊन जा, घरी सराव करा. नव्या बॅचच्या फोटोला आम्ही रंगीत आणतोय."

इतकी वर्षं त्यांच्या खोटेपणाची शोभा वाढवली आणि मला हाकललं ते असं, नारळही न देता. ज्या बाईला माझ्या नावाने फसवलं, तिच्याच पिशवीत. भिंतीवरच्या फोटोत मात्र ती अजूनही मन लावून माझ्याकडे बघते आहे आणि तिच्याकडे बघून नव्या मुली नाव नोंदवताहेत.

आता मी तिच्या ओट्यावर आहे. समोर वाटीत पाणी, बाजूला सासूबाईंचा चिमूटभर मसालाही तोलणारा छोटा वजनकाटा. ती दाबते, ओढते, आकडा बघते आणि स्वतःलाच म्हणते, "माझाच हात जड असणार." फसवणारा निवांत झोपतो आणि फसलेली आपलाच हात तपासत बसते, हे माणसांचं मला कळलेलं नाही. बाटल्या धुण्याच्या त्या शिकाऊ जागेसाठी तिने रुग्णालयाला पुन्हा फोन केलाय. जागा अजून आहे. सोमवारी येऊन हात कसा चालतो ते दाखवा म्हणालेत.

तुम्ही कुठेही शिकायला जा, मोठी पदवी घ्या नाहीतर छोटा कोर्स करा, पण दारातच विचारा, कपाटाची किल्ली कुणाकडे आहे? माझ्यासारखीला काचेबाहेर काढा. मला नासवलं ते वापरून नव्हे, जपून.

"आई, मला दे ना."

"थांब गं. येईल तुझा नंबर," ती म्हणाली. हे वाक्य कुणाचं, ते तिलाही कळलं, मलाही. तिने मला पुसलं आणि लेकीच्या हातात ठेवलं. "घे. आत्ताच."

इवल्याशा अंगठ्याने मला हळूच दाबलं. तो थबकला. मग जोर लावून आणखी खाली गेला. मी श्वास रोखला.

"आई," छोटी म्हणाली, "ही मधेच एकदा थांबते. तू तिथे का नाही थांबत?"