क्लेमचं ‘नाही’

ब्रीडा क्विल्टीनं आमच्या बिलारा फ्लॅट या गावात एकतीस वर्षं बाळंतपणं केली. गावातल्या निम्म्या लोकांना जन्मल्या जन्मल्या पायाला धरून उलटं करणारी तीच. त्यामुळे तिला दार न उघडणारं घर गावात नव्हतं. १९९९च्या ऑक्टोबरात ती प्रचाराला घरोघर फिरली, तेव्हाही सगळ्यांनी दार उघडलं. चहा दिला, गरम स्कोन-पाव दिले, वर जर्दाळूचा जॅम वाढला. फक्त मत देईनात.

सहा नोव्हेंबरला देशभर मतदान होतं. इंग्लंडची राणी तीच ऑस्ट्रेलियाची राणी हे असंच चालू ठेवायचं, की आपला राष्ट्राध्यक्ष आणून प्रजासत्ताक व्हायचं, हा प्रश्न. प्रजासत्ताक हवं तर ‘हो’, नको तर ‘नाही’. आमच्या गावची ‘हो’वाल्यांची समिती म्हणजे तिघं जण. ब्रीडा, वाचनालयात काम करणारी मी, आणि क्लेम रासमुसेन.

क्लेमनं जन्मभर मेंढ्यांची लोकर कातरली. वाकून वाकून त्याची पाठ कायमची गेली होती. १९७५ साली राणीच्या प्रतिनिधीनं निवडून आलेलं सरकार घरी पाठवलं, त्या दिवशी पोस्टासमोर फलक धरून उभी राहिलेली गावातली दोनच माणसं, तो आणि ब्रीडा. राणीच्या वाढदिवसाची सुट्टी असायची, तेव्हा हा मुद्दाम कुंपण दुरुस्त करायला काढायचा. “तिच्या नावावर मी लोळत पडणार नाही,” म्हणायचा.

दारोदारी काय ऐकावं लागायचं त्याचा हा नमुना. युनिस पॅस्कोच्या स्वयंपाकघरात आम्ही बसलो होतो.

“अगं ब्रीडा, राणीनं माझं काय वाकडं केलंय?”

“चांगलं तरी काय केलंय?”

“तेच तर! काहीच करत नाही बिचारी. आपले पुढारी असे एक दिवस तरी गप्प बसतात का?”

बाहेर आल्यावर ब्रीडानं फाटक इतक्या जोरात आपटलं की कुत्रं भुंकायला लागलं.

तरी तिला आशा होती. मतदानाच्या तीन आठवडे आधी आम्ही सभागृहात सभा घेतली. साठ माणसं आली, आमच्या मानानं जत्राच. ब्रीडानं सगळं नीट समजावलं. राष्ट्राध्यक्षाला संसद नेमणार, दोन-तृतीयांश बहुमतानं, म्हणजे कुठल्याही एका पक्षाचा माणूस बसणार नाही. तेवढ्यात मागच्या रांगेतून क्लेम उभा राहिला. घरोघर आलेली, नवी योजना समजावणारी सरकारी पुस्तिका त्यानं आदल्या दिवशीच वाचून काढली होती.

“ब्रीडा, एक विचारू?”

“तू समितीतला. तू काय विचारणार?”

“राष्ट्राध्यक्षाला मत मी देणार का?”

“आत्ताच सांगितलं ना, संसद नेमणार.”

“म्हणजे मी नाही.”

“तूच निवडून दिलेले खासदार—”

“म्हणजे मी नाही,” क्लेम पुन्हा म्हणाला. “राणीला कुणी निवडलं नाही म्हणून चोवीस वर्षं बोंबलतोय आपण. आता ह्यालाही मी निवडायचं नाही? मग बदललं काय, टोपी?”

लोक हसले. मग टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात टाळ्या कुणी वाजवल्या असतील तर मिस्टर ट्रेथवींनी. गोल्फ क्लबचे अध्यक्ष, प्रत्येक जेवणावळीत राणीच्या नावानं पेला उंचावणारे.

सभा तिथंच संपली. बाहेर गाडीपाशी ब्रीडानं त्याला गाठलं.

“तुला अक्कल आहे का रे? टाळ्या कोण वाजवत होतं ते पाहिलंस?”

“पुढाऱ्यांनी पुढाऱ्यांसाठी केलेलं प्रजासत्ताक मला नको.”

“आधी राणीला निरोप देऊ. मग दुरुस्त्या करत बसू.”

“एकदा हातात आलेलं पुढारी सोडतात होय? आत्ता नाही म्हणू. दोन-तीन वर्षांत झक मारत परत येतील, आपल्या मतांवर निवडायचा राष्ट्राध्यक्ष घेऊन.”

“कुणी येणार नाही, क्लेम. कुणीही येणार नाही. मी सत्तर वर्षांची आहे, मला कळतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या पायरीवर खोकं होतं. क्लेमकडे दिलेली सगळी पत्रकं आणि बिल्ले. चिठ्ठी नाही. त्याच्या वाट्याचे रस्तेही मग तीच फिरली. पाय सुजले, तर पुरुषी बूट घालून फिरली.

मतदान गावच्या शाळेत होतं. त्या दिवशी फाटकाशी मुलांचे आईबाप शाळेच्या निधीसाठी सॉसेज भाजून विकत होते. एका बाजूला आम्ही दोघी ‘हो’ची पत्रकं घेऊन, दुसऱ्या बाजूला ट्रेथवी. आणि त्यांच्या शेजारी, घडीच्या खुर्चीवर ‘नाही’ची पत्रकं मांडीवर घेऊन, क्लेम. खुर्ची ट्रेथवींनीच त्याच्यासाठी आणलेली.

ब्रीडानं बराच वेळ तिकडं बघायचं टाळलं. शेवटी राहवलं नाही.

“सिंहासन मिळालं वाटतं!”

“पाठ दुखते गं.”

“पाठ दुखायला कणा लागतो.”

क्लेमचा चेहरा लाल झाला, पण तो उठला नाही.

अकराच्या सुमाराला डेल्फीन मॅक्रोरी आली. तिच्या जुळ्यांचं बाळंतपण ब्रीडानं पुराच्या दिवसांत ट्रॅक्टरवरून जाऊन केलं होतं. तिनं ब्रीडाला मिठी मारली, आमचं पत्रक घेतलं, मग पलीकडे पाहून थबकली.

“क्लेम तर तुमच्यातला ना?”

“होता,” ब्रीडा म्हणाली.

“तोसुद्धा नाही म्हणतोय म्हणजे काहीतरी गोम असणार. रागावू नकोस हं.” आणि तिनं आमचं पत्रक परत दिलं. अगदी नीट, घडी न मोडता.

बायका, पुरुष, जोडपी, बऱ्याच जणांनी दुपारभर तेच केलं.

आमच्या केंद्रावर ‘नाही’ सहाशे अकरा, ‘हो’ दोनशे चार. देशात एकाही राज्यात आम्ही जिंकलो नाही. ट्रेथवी हात मिळवायला आले, तेव्हा ब्रीडानं पत्रकांचा गठ्ठा दोन्ही हातांत धरून ठेवला.

दोन दिवसांनी वर्तमानपत्रात छापून आलं की लोकांचं राणीवर अजून प्रेम आहे. क्लेमनं तिला फोन केला, तेव्हा मी तिथंच होते. त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता.

“मी राणीसाठी नाही म्हटलं नव्हतं! हे असं कसं लिहितात?”

“मतपत्रिकेवर कारण लिहायला जागा नसते, क्लेम,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

अडीच वर्षं ती त्याच्याशी बोलली नाही. मग एके दिवशी क्लेमच एक अर्ज घेऊन तिच्या दारात उभा. राष्ट्राध्यक्ष थेट जनतेनं निवडावा, त्यासाठी पुन्हा मतदान घ्या, अशी मागणी. ब्रीडानं त्याला आत बोलावलं नाही. उभ्या उभ्या सगळा अर्ज वाचला, शुद्धलेखनाच्या तीन चुका काढल्या आणि सही केली.

“काहीच नसण्यापेक्षा बरं. मी त्या वेळी हेच म्हणत होते,” ती म्हणाली. क्लेमनं मान खाली घातली. त्याला एकट्याला चालवत नाही हे दिसत होतं, म्हणून तिनं कोट चढवला.

लोकांनी पुन्हा चहा दिला. युनिस म्हणाली, “आता कशाला गं? राणी म्हातारी झालीय. ती जाईपर्यंत थांबा की.” आठवडाभर हिंडून एक्केचाळीस सह्या मिळाल्या. खासदारांच्या कार्यालयातून चार महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं. सध्या हा विषय विचाराधीन नाही, आपण लिहिल्याबद्दल आभार.

ते पत्र दोघांनी वाचनालयात माझ्या टेबलापाशी वाचलं. क्लेमनं पत्राची घडी घालून ते खिशात टाकलं. मग म्हणाला, “दुसरा अर्ज लिहू.”

“लिहू. पण ह्या वेळी प्रश्न साधा हवा. राणी हवी की नको, बस्स. बाकीचं नंतर.”

“नंतर नाही. निवडणूक आधी.”

“अरे, आधी जागा तर मोकळी करशील!”

“कुणासाठी मोकळी करायची ते ठरल्याशिवाय?”

मी त्यांच्यापुढं कोरा कागद ठेवला होता. पाच वाजता मी दिवे घालवले, तरी दोघं तावातावानं भांडतच होते. कागदावर फक्त तारीख पडली होती.